भरतपूरच्या घन्यात सायकलने, पायी आणि होडीतून

भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान, म्हणजेच घना, आकाराने लहान आहे, जेमतेम 29 चौरस किलोमीटर. चहूबाजूंनी भिंत, भिंतीला लागून गावं आणि आग्रा-जयपूर रस्ता अगदी दाराशी. एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. आणि त्यांना इथे आणणारं पाणी बरंचसं माणसाने वळवून आणलेलं आहे. ते कुठून येतं, आत कसं फिरतं, हे पाहायचं ठरवूनच आम्ही दोघी मैत्रिणी जानेवारीत तिथे गेलो.

सायकली फाटकापाशीच भाड्याने मिळतात. मोटारींना एका टप्प्यापलीकडे प्रवेश नाही. पुढे सायकल, सायकलरिक्षा नाहीतर आपले पाय. फाटकापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सुमारे पाच किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. सकाळी त्यावर इतकं धुकं होतं की जवळची बाभूळही नुसती करडी आकृती दिसत होती. मग कानांवरच भिस्त ठेवली. डावीकडून सारसांच्या जोडीची साद आली, नराची आणि मादीची, एकमेकांत गुंफलेली. उजवीकडे शेकडो बदकांची कुजबुज चालू होती, म्हणजे तिकडे पाणी होतं. मोटारीत बसून हे ऐकू येणं शक्यच नाही, आणि माझ्या मते सायकलचं खरं सुख हेच.

इथले सायकलरिक्षावाले पक्षी ओळखण्यात तरबेज असतात. त्यांना तसं प्रशिक्षणही दिलेलं आहे. आम्ही एका झाडाखाली माना वर करून उभ्या होतो, तर मागून येणारे एक वयस्क सरदारजी थांबले. "बहनजी, उधर नहीं. दूसरी डाल, पत्तों के पीछे." तिथे पिंगळ्यांची जोडी एकमेकांना चिकटून बसली होती. त्यांना आमच्याकडून एक रुपयाही मिळायचा नव्हता, तरी त्यांनी दहा मिनिटं थांबून आम्हाला पलीकडच्या फांदीवरचा शिक्राही दाखवला. पाण्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "इस साल पानी अच्छा आया है. पानी आया तो सब आया."

सपन मोरीपाशी डांबरी रस्ता सोडला आणि सायकली मातीच्या बांधावर घातल्या. पाण्याचा हिशोब इथे डोळ्यांना दिसतो. ही जमीन मुळात एक नैसर्गिक खोलगट भाग. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी अडवायला अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला. तिथून पाणी कालव्याने आत येतं आणि बांधांनी पाडलेल्या खणाखणांमधून, दारं उघडत-मिटत, पुढे सोडलं जातं. सूरजमल म्हणजे तेच, 1761 मध्ये पानिपतावरून जखमी, उपाशी परतणाऱ्या मराठ्यांना ज्यांनी आपल्या राज्यात आसरा दिला आणि अन्नवस्त्र पुरवलं. त्या बांधाच्या पाण्याकाठी उभं राहताना मराठी माणसाच्या मनात ती आठवण येतेच. माझ्या तरी आली, आणि हात आपोआप जोडले गेले.

दुपारी ऊन वर आल्यावर सायकली टेकवून कोरड्या भागात चालत गेलो. इथे पावलं जपून टाकायची, कारण थंडीत अजगर बिळाबाहेर येऊन ऊन खात पडतात. आम्हाला एक दिसला, बिळाच्या तोंडाशी वेटोळं घालून, अंगावर नुकती चमक आलेली. ही बिळं बऱ्याचदा साळिंदरांची असतात आणि दोघं एकाच बिळात राहतात, हे अभ्यासकांनी इथेच नोंदवलं आहे. पण कोरड्या भागाचं दुखणंही पायी चालतानाच दिसतं. विलायती बाभूळ जिथे तिथे माजली आहे. तोडली तरी पुन्हा फुटते, गवताळ जमीन गिळत जाते.

देवळाजवळ लाल दगडाच्या पाट्या आहेत. त्यांवर संस्थानी काळातल्या शिकारींची यादी कोरली आहे: तारीख, पाहुणा, बंदुका, मारलेले पक्षी. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, 4,273 पक्षी. एका दिवसात. मी ती ओळ तीनदा वाचली. याच पाण्यासाठी पुढे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली झगडले. स्वातंत्र्यानंतर पाणथळ सुकवून जमीन शेतीला द्या, ही मागणी जोरात होती. तिला ते ठामपणे आडवे आले. 1981 मध्ये चिल्का सरोवराबरोबर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाणारी ही भारतातली पहिली पाणथळ जागा, आणि 1985 पासून जागतिक वारसा.

या गौरवाबरोबर एक दुखरी गोष्टही सांगायला हवी. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरं चारायला बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी चरत होत्या तेव्हा पाण्यातलं गवत आटोक्यात राहत होतं. त्या गेल्यावर ते इतकं वाढलं की पाणीच झाकलं गेलं आणि पक्ष्यांना जागा उरेना. जंगल वाचवायचं तर शेजारच्या माणसाला बाहेर ठेवून चालत नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची इतकी महाग किंमत दुसरीकडे क्वचितच मोजली गेली असेल.

होडी रोज मिळतेच असं नाही. पाण्याची पातळी पुरेशी असेल तरच ती सोडतात. आम्हाला मिळाली. नावाडी लांब बांबू तळाच्या चिखलात रोवून होडी पुढे रेटतो, त्यामुळे आवाज फक्त थेंबांचा. पाणी इतकं उथळ की तळाची वनस्पती हलताना दिसते. बाभळींच्या बेटांवर चित्रबलाकांची मोठी झालेली पिल्लं अजून घरट्यांत होती, मळकट रंगाची, आणि सतत मागणारी. सर्पपक्षी मान तेवढी वर काढून पोहत होता, मग फांदीवर चढून त्याने पंख वाळत घातले. कमळपक्षी पानांवरून चालत गेला. एका वळणावर पट्टकादंब हंसांचा थवा होता. हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी आम्ही भिगवणलाही पाहिले आहेत, पण इतक्या जवळून, पाण्याच्या पातळीवरून, त्यांच्या डोक्यावरचे काळे पट्टे मोजता येतील असे पहिल्यांदाच.

सायबेरियन क्रौंच मात्र आता इथे दिसत नाहीत. शेवटची जोडी 2002 च्या हिवाळ्यात दिसली. बाकीचे पक्षी यावेत की नाही, हे पाण्यावर ठरतं. उद्यानाला वर्षाला सुमारे 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं. गंभीर नदीवर करौलीत पांचना धरण झाल्यापासून वरच्या शेतकऱ्यांची गरज आणि घन्याची गरज समोरासमोर आली. 2004 नंतरची काही वर्षं तर तळी भेगाळली आणि बगळे-बलाकांची वीण थांबली. त्यानंतर गोवर्धन ड्रेन या पूरपाण्याच्या नाल्याचं आणि चंबळेचं पाणी आणण्याची सोय झाली. त्याने तहान भागते, पण पुराच्या पाण्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्लं येतात, तशी ती पाइपातून येत नाहीत. आणि मासे नसतील तर बलाक पिल्लांना काय भरवणार?

म्हणून जायचा बेत असेल तर हॉटेलच्या आधी एक फोन करून विचारा: पाऊस कसा झाला, अजान बांधातून पाणी सोडलं का, होड्या चालू आहेत का. उत्तर होकारार्थी आलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, निदान दोन रात्री ठेवा, आणि पहिल्या सकाळी रिक्षा करा. ते लोक जे दाखवतात, ते दुसऱ्या दिवशी सायकलवर आपलं आपल्याला दिसू लागतं.