फॉरमॅट करण्याआधी : आमची वाटचाल

इंदूरच्या सियागंज, एम. टी. क्लॉथ मार्केट आणि रामबाग या भागांतल्या पेढ्यांचे व कार्यालयांचे संगणक सांभाळणे हा आमचा व्यवसाय आहे. मावसभाऊ आणि मी मिळून तो सुरू केला तेव्हा विंडोज एक्सपीचे दिवस होते आणि मशीन अडले की फॉरमॅट करायचे, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवायचे, एवढीच आमची विद्या होती. ती किती अपुरी आहे, हे रामबागेतल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात कळले.

तिथे आठ संगणक होते. टॅलीचा डेटा आणि स्कॅन केलेली कागदपत्रे एकाच मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असत आणि बाकीचे सात जण ती नेटवर्कवरून उघडत. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत तोंडावर आलेली असताना ते मुख्य मशीन दिवसातून तीन-चार वेळा निळा पडदा दाखवून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले, आणि दर वेळी सातही जणांचे काम खोळंबू लागले. आम्ही फॉरमॅट केले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. रॅम बदलून दुसऱ्यांदा केले, तरी फरक नाही. "अहो, दर वेळी सगळं नवं करून देता, मग जुनं दुखणं येतं कुठून?" असे तिथल्या काकांनी शांतपणे विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

तिसऱ्या खेपेला मशीनला हात लावण्याआधी आम्ही आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय बंद केली, म्हणजे पडद्यावरचा मजकूर नीट वाचता येईल. मग तीन जीबीची एक फाइल त्याच मशीनमध्ये एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर उतरवली, काही झाले नाही. पेन ड्राइव्हवरून घेतली, तरीही नाही. शेजारच्या टेबलावरून नेटवर्कने ओढायला घेतली आणि निम्म्यावर येताच निळा पडदा आला. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, पण मशीन त्याच सुमारास पडत राहिले. मशीन पडताना विंडोज जी नोंद मिनीडंप फोल्डरमध्ये ठेवते, ती रात्री घरी उघडून पाहिली, तर तिच्यात नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरचे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव होते.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते. दोन्ही वेळा फॉरमॅटनंतर आम्ही मदरबोर्डसोबत आलेली तीच जुनी सीडी चालवून तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा बसवला होता, म्हणजे दुखणे आम्हीच परत आणत होतो. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातल्यावर ती तीन जीबीची फाइल नेटवर्कवरून सलग दहा वेळा सुखरूप आली. दोन्ही फॉरमॅटचे पैसे आम्ही त्याच आठवड्यात परत केले.

विंडोजमधले फाइल शेअरिंग आणि नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर हे दोन्ही सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. टॅली चुकली तर फक्त टॅली बंद पडते. ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला, तर डेटा बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळे थांबवते. फाइल मोठी असली किंवा मागणारे अनेक असले की कार्डावर ताण येतो आणि एरवी दडून राहणारा दोष तेव्हा उघडा पडतो. अँटिव्हायरसचा ड्रायव्हरही याच वाटेवर बसलेला असतो, म्हणून आमचा दुसरा संशय नेहमी त्याच्यावर असतो.

त्यानंतर प्रत्येक ग्राहकाची एक वही आम्ही ठेवू लागलो. कार्ड कोणते, ड्रायव्हर कोणत्या तारखेचा, निळ्या पडद्यावरचा कोड काय, हे सारे तिच्यात असते. वार्षिक देखभालीचे करार या वह्यांमुळेच मिळत गेले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याला रोखणारा मार्चमधला सुरक्षा पॅच कुठे बसवायचा राहिला आहे, ते वह्या चाळून एका दिवसात कळले. पुढे विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत एसएमबी-१, म्हणजे वॉनाक्राय ज्यातून पसरला ते जुन्या पद्धतीचे फाइल शेअरिंग, मुळातच बंद येऊ लागले, आणि जुन्या कॉपियरवरून फोल्डरमध्ये स्कॅन होत नाही म्हणून ते चालू करून द्या, असा आग्रह काही जणांनी धरला. आम्ही नकार दिला आणि स्कॅन ईमेलने पाठवण्याची सोय करून दिली. त्यात दोन ग्राहक तुटले, तरी तो निर्णय योग्यच होता असे मी आजही मानतो.

आता आमच्याकडे पाच जण काम करतात. निळ्या पडद्याची तक्रार आली की तीच तीन जीबीची फाइल घेऊन मुले निघतात, आणि ती नेटवर्कवरून उतरवून पाहिल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करण्याची परवानगी नाही.