सात अक्षरं, अकरा मात्रा: जपानी गर्ल बँड आणि जुन्या म्युझिकलची वही

वहीत आता आठ गाणी आहेत. चार जपानी मुलींच्या बँडची, तीन जुन्या म्युझिकल चित्रपटांतली, आणि एक दोन्हीकडचं. बोल देवनागरीत, खाली सरगम, त्याखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर. चित्रपटांची पानं भराभर झाली. जपानी पानं मात्र तीनदा खोडून लिहावी लागली, आणि तिथं सूर कधीच आडवे आले नाहीत. आडव्या आल्या त्या मात्रा.

स्कँडल या ओसाकाच्या बँडच्या २०१० च्या गाण्याचं नावच घ्या: शुंकां सेंचिमेंतारु. आपण वाचतो तेव्हा अक्षरं भरतात सात. जपानी गळ्यात ते अकरा ठोक्यांचं आहे: शु-न्-का-न्, से-न्-चि-मे-न्-ता-रु. आपण अनुस्वार मागच्या अक्षरात विरघळवतो, तिथं त्याला स्वतःचा ठोका आणि बऱ्याचदा स्वतःचा सूरही असतो. सात अक्षरांवर चाल बसवली की ओळ लवकर संपते आणि गाणारा शेवटचं ‘रु’ ताणत बसतो. शाळेतलं मात्रावृत्त आठवलं की गुंता सुटतो. अनुस्वाराचं अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रा. जोडाक्षराआधीचंही गुरू. ‘जुत्तो’ या जपानी शब्दात तीन ठोके, आणि मधला ठोका जीभ दातांमागे अडकलेली असताना जाणारा, निव्वळ शांततेचा. तो ठोका गाळणं ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक.

लगक्रम (लघु-गुरूंचा क्रम) जसाच्या तसा मात्र चालत नाही. जपानी ‘आ’ आवाजाला आपल्या ‘आ’सारखा पण लांबीला ऱ्हस्व. ‘त’ लिहिलं तर शेवटी ‘त्’ वाचलं जातं, ‘ता’ लिहिलं तर दुप्पट ताणलं जातं. ‘ए’ आणि ‘ओ’चंही तेच. तोडगा असा: सगळीकडे ‘ता’च लिहायचं, डोक्यावर लघूची अर्धचंद्र खूण द्यायची, आणि खरंच लांब असेल तिथं स्वर दोनदा लिहायचा, ‘तोओक्योओ’सारखा. दिसायला ओबडधोबड आहे, पण पहिल्याच वाचनात ठोके बरोबर पडतात.

उच्चारात मराठीचा फायदा आहे. व्हाइटबेरी या होक्काइदोतल्या शाळकरी मुलींच्या बँडनं २००० मध्ये गायलेलं ‘नात्सु मात्सुरी’ (मूळ गाणं जिटरिन जिनचं, १९९०) यातला ‘त्सु’ म्हणजे आपल्या ‘नाचू’ मधला च. ‘चिमणी’तला नव्हे. ‘जुत्तो’तला ज ‘जुना’तला, ‘जीव’ मधला नव्हे. हिंदीच्या सवयीनं वाचणारे इथं हमखास घसरतात, म्हणून वहीत ‘त्सु’ असंच ठेवलंय. ‘फु’ला ओठ मिटायचे नाहीत, दात ओठाला लावायचे नाहीत, गरम चहावर फुंकर घालावी तेवढीच हवा.

प्रिन्सेस प्रिन्सेसचं ‘डायमंड्स’ (१९८९) ठोक्यांच्या बाबतीत सोपं, एवढं कळलं की झालं: ‘दा-इ-आ-मो-न्-दो’ सहा ठोके. पाच जणी, सगळी वाद्यं स्वतःच वाजवणाऱ्या, आणि त्या वर्षीच्या ओरिकॉन या जपानी विक्रीयादीच्या वार्षिक क्रमवारीत पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर त्यांचेच. झोन या बँडचं ‘सीक्रेट बेस’ (२००१) लिहून झालंय, कॉर्ड तपासायचे बाकी. त्या गाण्यात दहा वर्षांनंतरच्या ऑगस्टमध्ये भेटण्याची गोष्ट आहे, आणि बँड २०११ च्या ऑगस्टमध्ये खरोखर पुन्हा एकत्र आला.

कॉर्डपुरतं एक वळण हातात बसवून ठेवा, जपानी पॉपमध्ये ते पावलोपावली भेटतं. जपानीत त्याला राजमार्ग अशा अर्थाचं नाव आहे. पेटीवरची पांढरी एक पट्टी सा धरली तर क्रम म, प, ग, ध: म-ध-सां, प-नी-रें, ग-प-नी, ध-सां-गं (वर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला सूर). पहिले दोन मेजर, पुढचे दोन मायनर. कधी तिसऱ्यात प सोडून कोमल ध घेतात, मग चौथ्याकडे ओढ वाढते. तो कोमल ध चुकून लागला तर कानाला लगेच कळतं, कारण वरची चाल शुद्ध प वर असली की दोन्ही एकमेकांना चावतात.

आता चित्रपट. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधलं ‘ओव्हर द रेनबो’ (१९३९) ज्युडी गार्लंडनं गायलेल्या काळी चार पट्टीतच ठेवलंय. सुरुवात सा वरून थेट सां, मग नी प ध नी सां. पुढची उडी सा-ध-प, त्यानंतर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) ध वरून म. पट्टी निवडताना लोक पहिली उडी तपासतात. तपासायचा असतो तो मंद्र ध. तो घोगरा लागला तर सा दोन पट्ट्या वर न्या.

‘साउंड ऑफ म्युझिक’मधलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’, पांढरी तीन, तीन मात्रांच्या ठेक्यात: सा प प, रे सा सा, प़ सा सा, रे सा (खाली टिंब म्हणजे मंद्र). पहिल्या ओळीत गंधारच नाही! त्यामुळे मायनर की मेजर हे ठरवतो फक्त खालचा कॉर्ड, आणि तिसऱ्या कडव्यात तीच चाल मेजरवर येते. पेटीवर डाव्या हातानं कोमल ग च्या जागी शुद्ध ग एवढाच बदल, उजव्याला हात लावायचा नाही. तानपुरा लावून हे गाणं बसवू नये, सगळा खेळच मरतो. जपानमध्ये हीच चाल १९९३ पासून क्योतोच्या रेल्वे जाहिरातींत वाजते, तिथं अनेकांना ती आधी क्योतोची वाटते.

‘अमेरिका’ (१९६१ चा ‘वेस्ट साइड स्टोरी’ चित्रपट) बारा ठोक्यांचं: ३-३-२-२-२. टाळी १, ४, ७, ९, ११ वर. ‘२’ आले की वेग वाढवण्याची चूक होते. ठोका तोच राहतो, टाळ्या जवळ येतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) टाळीवर लावू नका, बाराही ठोक्यांवर लावा.

आठवं, दोन्हीकडचं: ‘साउंड ऑफ म्युझिक’मधलंच ‘दो-रे-मि’. जपानी गायिका पेगी हायामाच्या १९६१ च्या जपानी बोलांत ‘दो’ म्हणजे डोनट, ‘रे’ म्हणजे लिंबू, आणि ‘ति’ऐवजी ‘शि’. डोनट तिथं ‘दोओनात्सु’, चार ठोके. सरगम लिहून झाली, पण बोलांत ‘दो’ आणि सरगमीत ‘सा’ एकाच घरात आल्यानं वाचणारा गोंधळतो. पुढच्या खेपेला या पानावर सरगम लाल शाईत.