यांचं कालवण होतं का?

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहायचं म्हणजे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना समुद्रावर नेणं आलंच. लाट ओसरली की ओल्या वाळूत नखाएवढ्या शिंपल्या उघड्या पडतात. पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या, काही पांढऱ्यावर पट्टे ओढलेल्या. बघता बघता त्या वाळूत घुसतात. पाहुणा मालवण-रत्नागिरीकडचा असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: "यांचं कालवण होतं का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, होतं. इथे यांना कोकिना म्हणतात. स्वच्छ धुऊन थोड्या पाण्यात उकळायच्या, गाळायचं आणि तो रस्साच प्यायचा. तिसऱ्यांसारखं सुकं करायला जाल तर हाती काही लागणार नाही; अख्खी शिंपलीच जेमतेम दोन सेंटिमीटरची. शिवाय जिवंत शिंपल्या वेचण्याआधी इथले नियम बघावे लागतात. मला तरी हा खटाटोप परवडत नाही.

त्यापेक्षा भरती लागताना नुसतं बघत उभं राहावं. या शिंपल्या भरतीबरोबर वर सरकतात, ओहोटीबरोबर खाली उतरतात, आणि हा प्रवास लाटेच्या जिवावर करतात. लाट येतेय असं दिसलं की वाळूतून उसळून बाहेर, पाण्याबरोबर वर, आणि पाणी परतायच्या आत पाय खुपसून पुन्हा वाळूत. पाणी खेळतं तिथेच त्यांचं पोट भरतं. दोन नळ्या बाहेर काढून त्या पाण्यातले बारीक कण गाळून खातात.

'दिसलं' म्हणालो खरा, पण दिसत काहीच नाही. ओलाफ एलर्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं, की लाटेचा खर्जातला आवाज या शिंपल्यांना जाणवतो आणि मोठ्या लाटांनाच त्या उसळी घेतात. बारक्या लाटा सोडून देतात. लोकलसाठी उभ्या मुंबईकरासारखं, कुठली पकडायची ते पक्कं ठाऊक!

फ्लोरिडातल्याच सेंट ऑगस्टीन शहरातला स्पॅनिश किल्ला (बांधकाम १६७२ ते १६९५) असल्याच शिंपल्यांच्या थरांतून झालेल्या दगडाचा आहे. दगड सच्छिद्र, त्यामुळे १७०२ च्या वेढ्यात इंग्रजांचे तोफगोळे भिंत फोडण्याऐवजी तिच्यातच रुतले.

बाकी कालवणाचं म्हणाल, तर पॉम्पॅनो नावाचा इथला मासा याच शिंपल्या खाऊन पोसतो. त्याचं करू.