‘पॉइंटवाले’ म्हणायचे आम्हाला

1987 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही दोघा भागीदारांनी शेड भाड्यानं घेतली, तेव्हा भांडवल म्हणजे एक टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा), फिलर गेजचा संच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि भागीदाराचे कान. पद्मिनी मोटार चालू करून तो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डबा, केसभर फिरवायचा, ऐकायचा, परत फिरवायचा. लाइट मारून बघितला तर खूण बरोबर जागेवर. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की ठिणगी पडते. त्यांचा गॅप मात्र मी गेजनंच लावायचो, 0.4 मिलिमीटरच्या आसपास. गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते, कमी झाला की उशिरा. हे ज्याला माहीत नाही त्यानं पॉइंटला हात लावू नये. डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन वजनं वेग वाढला की फाकतात आणि टायमिंग पुढं नेतात, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडतात. त्यांची स्प्रिंग ढिली पडली की चढाला इंजिन टकटकतं. आंबा घाटात टकटकणाऱ्या कितीतरी गाड्या आम्ही दोन स्प्रिंगांत बऱ्या केल्या.

एप्रिल 2000 मध्ये धुराचे नवे नियम आले आणि नव्या मोटारींतून पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बोरेटर जाऊन ते काम कॉम्प्युटरकडं जायला लागलं. पाठोपाठ डिस्ट्रिब्युटरही दिसेनासे झाले. पलीकडच्या गल्लीत एकानं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, आणला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, “ते पॉइंटवाले आहेत, कॉम्प्युटर जाळतील.”

वाईट हे की आम्ही खरंच जाळला. 2001 च्या पावसाळ्यात एका नव्या गाडीची प्लगवायर मी जुन्या सवयीनं उपसली आणि बॉडीपासून लांब धरून करंट बघितला. पॉइंटच्या गाडीत हे खपून जायचं. इथं ठिणगीला वाट मिळाली नाही, कॉइलचा दाब उलटा फिरला आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला. (अजूनही पोरं असंच करतात. करू नका. वीस-तीस हजार व्होल्ट असतात, प्लग लावून तो बॉडीला टेकवा.) भरपाईसाठी माझी यझदी विकली. महिन्याभरात भागीदार पलीकडच्या गल्लीत गेला, जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन. वही माझ्या अक्षरातली होती.

ते दीड वर्ष कसं काढलं ते आमच्या घरच्यांना विचारा. दिवसाला दोन गाड्या, त्यातली एक रिक्षा.

गारगोटीचे एक डॉक्टर मात्र येत राहिले. त्यांची नवी गाडी गरम झाली की बंद पडायची, अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी चालू व्हायची. पलीकडं पंप, प्लग, फिल्टर सगळं बदलून झालं. स्कॅनर म्हणे गाडी ठीक आहे. मी तोवर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणला होता. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, कुठं आहे ते कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरला तो जोडला आणि गाडी तापू दिली. पडद्यावरची लाट बारीक होत गेली आणि सपाट झाली. सेन्सर काढला, पिशवीत गुंडाळून चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात धरला. मीटरवरचे ओहम गायब. थंड केल्यावर परत हजर. डॉक्टर म्हणाले, “याला ताप आला की बेशुद्ध पडतो.”

हा सेन्सर गेला की सगळं गेलं. पुष्कळ गाड्यांत क्रँकच्या चाकावर 60 दातांची जागा असते, दात 58. दोन दातांची ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की कॉम्प्युटरला पिस्टन कुठं आहे ते कळतं आणि तो पुढचे दात मोजतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांना एक फेरी 20 मिलिसेकंदांत होते. पिस्टन वर पोचायच्या 30 अंश आधी ठिणगी हवी असेल तर हातात जेमतेम 1.7 मिलिसेकंद. पेट्रोल पेटून पुरता दाब धरायला वेळ लागतो, म्हणून ही घाई. किती अंश आधी, ते वेग आणि लोड बघून कोष्टकातून येतं. टकटक झाली तर नॉक सेन्सर ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग मागं घेतो. म्हणजे माझ्या भागीदाराचा कान आता ब्लॉकला बोल्टनं आवळलेला असतो.

नंतरची पंधराएक वर्षं बरी गेली. सीएनजी आल्यावर तर टायमिंगचंच काम वाढलं, कारण सीएनजी सावकाश जळतो, ठिणगी आणखी आधी लागते. नुसतं किट बसवून पिकअप नाही म्हणून रडू नका.

परवा पलीकडच्या गल्लीतला पोरगा आला. कुणाची तरी जुनी पद्मिनी आली होती, टायमिंग लाइट मागत होता. दिला. फिलर गेजही दिला. तो उलटासुलटा करून म्हणाला, “काका, हे कुठं जोडायचं?”