क्लोराइड बाहेर, प्रोटॉन आत

ग्राफवरची पीएचची रेघ वर चढायला लागली आणि मी इलेक्ट्रोड पुन्हा धुवायला उठले. मॅडम म्हणाल्या, "हात लावू नकोस. हेच तर बघायचंय."

समोर एक छोटं भांडं, त्यात लायपोसोम, म्हणजे लिपिडचे अतिसूक्ष्म फुगे. त्यांच्या पटलात ई. कोलाय या जिवाणूचं सीएलसी-ईसी१ हे प्रथिन बसवलेलं. फुग्यांच्या आत क्लोराइड भरपूर, बाहेर नावापुरतं. पीएच दोन्हीकडे सारखा, पीएच स्थिर ठेवणारं बफर जेमतेम. पोटॅशियमही दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे व्हॅलिनोमायसिन टाकून त्याला वाट करून दिली की पटलावरचं व्होल्टेज शून्याच्या आसपास राहतं. थोडक्यात, प्रोटॉनने, म्हणजे हायड्रोजन आयनने, कुठेही जावं असं काही कारणच आम्ही ठेवलं नव्हतं. तरी व्हॅलिनोमायसिन पडल्याबरोबर बाहेरचा पीएच वाढत गेला. म्हणजे बाहेरचे प्रोटॉन कमी होत होते. ते आत शिरत होते, आणि आत ते साचत असतानाही शिरतच होते. शेवटी एफसीसीपी टाकलं. त्याने पटल प्रोटॉनसाठी खुलं होतं. रेघ झपकन खाली आली, साचलेले प्रोटॉन बाहेर पडले.

उताराकडे धावणारं क्लोराइड प्रोटॉनला चढावर ओढत होतं. साध्या भोकातून असं होत नाही.

या प्रथिनाची रचना 2002 साली रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने दाखवली, तेव्हा ते क्लोराइड चॅनेल, म्हणजे क्लोराइडला उताराकडे जाऊ देणारं साधं भोक, म्हणूनच ओळखलं जात होतं. 2004 मध्ये अ‍ॅलेसिओ अकार्डी आणि ख्रिस्तोफर मिलर यांनी दाखवलं की हा चॅनेल नाही, अदलाबदल करणारा वाहक आहे: दोन क्लोराइड एका दिशेला, एक प्रोटॉन उलट दिशेला. आमच्या भांड्यातही क्लोराइड मोजायला दुसरा, चांदीचा इलेक्ट्रोड होता. दोन्ही रेघांच्या सुरुवातीचा चढ मोजून भागाकार केला आणि उत्तर दोनच्या जवळ आलं, तेव्हा मी तो पुन्हा एकदा करून पाहिला.

मला सगळ्यात जास्त गुंतवतं ते या प्रथिनाच्या साखळीतलं 148 क्रमांकाचं अमिनो आम्ल, ग्लुटामेट. त्याच्या टोकाला ऋणभार असतो, आणि तो नेमका क्लोराइडच्या जागेवर जाऊन बसतो. प्रथिनाच्या दृष्टीने दोघंही सारखेच, एक ऋणभार. पण त्या टोकाला प्रोटॉन चिकटला की भार जातो, मग तिथे बसून राहण्याचं कारणही जातं. ते बाजूला सरतं आणि जागा क्लोराइडला मिळते. एकाच जागेवरून दोघांची ही रस्सीखेच चालते, म्हणून त्यांची वाहतूक एकमेकांना बांधलेली. आतल्या बाजूला प्रोटॉनचा रस्ता वेगळा फुटतो: तिथे तो 203 क्रमांकाच्या ग्लुटामेटवरून ये-जा करतो. या दोन ग्लुटामेटमध्ये साधारण 15 अँगस्ट्रॉमचं, म्हणजे दीड नॅनोमीटरचं, अंतर, आणि मध्ये प्रोटॉनला धरून ठेवेल असं काही ठळक दिसत नाही. पाण्याच्या रेणूंची साखळी तिथे तात्पुरती जुळत असावी, असं मानलं जातं. मला ते पटतं.

याच कुटुंबातली काही प्रथिनं आपल्या शरीरातही आहेत. स्नायूंमधलं सीएलसी-१ खरोखरच चॅनेल आहे, तर मूत्रपिंडातलं सीएलसी-५ अदलाबदल करणारं. घडण एकच, कामं दोन. "चॅनेल" आणि "ट्रान्सपोर्टर" असे दोन वेगळे धडे शिकून आलेल्या मला हे पचवायला बरेच दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात 148 च्या जागी भार नसलेलं अमिनो आम्ल, अ‍ॅलनिन घातलेलं प्रथिन घेऊन तोच प्रयोग केला. क्लोराइडची रेघ आधीसारखीच चढली. पीएचची मात्र सपाट राहिली, एफसीसीपी टाकल्यावरसुद्धा. दोन्ही दिवसांचे ग्राफ मी वहीत समोरासमोरच्या पानांवर चिकटवले आहेत.