डब्याचे नॅपकिन

शनिवार, रात्र

शाळा सुरू व्हायला आठवडा उरलाय. लेकीच्या डब्याबरोबर रोज एक नॅपकिन, यांच्या ऑफिसच्या डब्यात एक. पावसाळ्यात काही लवकर वाळत नाही, म्हणजे निदान डझनभर तरी हाताशी हवेत. दरवर्षी तयारच आणते. या वेळी वाटलं, मशीन घरात आहे, शिवता येतं, मग घरी शिवून खरंच पैसे वाचतात का ते एकदा कागदावर मांडून बघू.

दुकानात कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड, १०० रुपये मीटर मिळालं. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंची. घरी आल्यावर कापायच्या आधी हिशोब केला आणि सगळी मेख पन्न्यातच आहे हे कळलं. मोठा नॅपकिन हवा म्हणून १८ इंचांचा चौकोन धरला, तर आडवे दोनच बसतात आणि ८ इंचांची पट्टी उरते. दोन मीटरमध्ये होतात जेमतेम आठ. रीळ १५ रुपयांचं धरून एक पडतो सुमारे २७ रुपयांना. तेच माप १४ इंचांवर आणलं की आडवे तीन, उभे पाच, एकूण १५. एक पडतो साधारण १४ रुपयांना. कापड तेच, दोरा तोच, किंमत जवळजवळ निम्मी. दुमड जाऊन तयार नॅपकिन साडेबारा इंचांचा होतो, आणि डब्याच्या पिशवीत तेवढाच नीट मावतो. कापड आधी रात्रभर भिजवायचं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि नव्या कापडाची खळ निघाल्याशिवाय ते पाणी टिपतही नाही.

गेल्या वर्षी बाजारात चांगला सुती नॅपकिन ३० रुपयांना घेतला होता. स्वस्तातलेही असतात, २० रुपयांच्या आत. पण त्यांतल्या एकाचा धागा आज काडीने पेटवून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. हा वितळला आणि टोकाला काळी कडक गाठ झाली. पॉलिस्टर. अशा नॅपकिनने पोरीने हात पुसले की ओले ते ओलेच राहतात. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू कामालाच येत नसेल, तर तिच्याशी तुलना तरी का करायची?

रविवार, दुपार

मेहनत मात्र हिशोबात धरायलाच हवी. एका नॅपकिनच्या चार बाजू मिळून ५० इंच. पंधरांची मिळून १९ मीटर टीप. सरळ टीप भराभर जाते, वेळ खातात ते कोपरे. पाव इंच, मग अर्धा इंच दुमडायचं, कोपऱ्याचं टोक तिरकं छाटायचं, नाहीतर तिथे कापडाचे इतके पदर जमतात की सुई अडते. आधी इस्त्रीने दुमड बसवून घेतली की काम निम्मं होतं. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या बाईंना विचारलं तर नगाला १० रुपये म्हणाल्या. त्यांच्या कष्टाला ते जास्त नाहीत. पण मग घरचा नॅपकिन २४ रुपयांना पडला आणि बचत सहा रुपयांवर आली. त्यामुळे ज्यांच्याकडे मशीन नाही, त्यांनी खुशाल चांगले सुती नॅपकिन विकत घ्यावेत. नुसत्या नॅपकिनसाठी मशीन घेण्यात तर काहीच अर्थ नाही.

खरी बचत कपाटात सापडली. सासूबाईंची जुनी सुती साडी, बसण्याच्या जागी पार विरलेली. पण आतल्या वेढ्याचा भाग अजून धड आहे. त्या म्हणाल्या, "अगं, काप की. इतकं मऊ कापड दुकानात मिळायचं नाही." कितीतरी धुण्यांतून गेलेलं, खळीचा मागमूस नाही, पाण्याचा थेंब पडला की लगेच मुरतो. एकेरी लवकर फाटेल म्हणून दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडले, एका बाजूला चार बोटं तोंड सोडलं, तिथून उलटवून घेतलं आणि कडेने एक टीप फिरवली. कोपऱ्यांची सगळी कटकटच गेली. खर्च फक्त दोऱ्याचा.

तर ठरलं. लेकीचे साडीचे, कारण शाळेत चार-दोन हरवणारच आणि हरवले तरी जीव तुटणार नाही. यांचे कॅम्ब्रिकचे. पाहुण्यांसाठी मोठे लागतात ते विकतच आणेन. त्या मापात आपला पन्ना वाया जातो.

हळदीच्या डागांचं सासूबाईंनी पुन्हा बजावलंय: साबण लावल्यावर डाग लाल होतो, तेव्हा घाबरून घासत बसायचं नाही. धुवायचं आणि कडक उन्हात टाकायचं, पिवळेपणा उन्हानेच उडतो. जूनमध्ये ऊन कुठून आणायचं, म्हणून शाळेसाठी साडीचा गर्द मरून भाग आधी कापायला घेतलाय.