फौजेतून बातमीत: कर्ता शोधताना गेलेली वर्षं

सिग्नल्समधली, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतली, 24 वर्षं संपवून हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा सगळे दोनच वाटा सांगायचे. एकतर बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभं राहा, नाहीतर एखाद्या कंपनीच्या. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स बरेच असतात, पण माझ्या बरोबरच्यांचा ओढा सिक्युरिटीकडेच होता. मला बातमीदार व्हायचं होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करताना हे बोलून गेलो, तर रांगेतले एक सुभेदार साहेब म्हणाले, "नोकरीत तोंड बंद होतं त्याचा वचपा काढतोस काय?" अगदीच चूक नव्हतं त्यांचं. 1954च्या आर्मी रूल्समधला 21वा नियम असा आहे, की सेवेच्या किंवा राजकीय विषयावर परवानगीशिवाय काही छापून आणता येत नाही.

पहिली ठेच पदवीची. दहावी आणि 15 वर्षांची सेवा यावर फौज पदवी-समकक्ष प्रमाणपत्र देते. ते प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून पत्रकारितेच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घ्यायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि परत सरकवलं. ते गट कच्या सरकारी नोकरीपुरतं. इथे खरीखुरी पदवी हवी. मग मुक्त विद्यापीठातून बीए सुरू केलं आणि सोबत एका दैनिकाचा तालुका बातमीदार झालो.

संपादकांना माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. सीमेवरच्या आठवणींचं सदर, आणि 26 जानेवारीच्या पुरवणीला जाहिराती. मानधन असं नव्हतंच, जाहिरातीवर कमिशन. "माजी सैनिक मागायला आला की कोण नाही म्हणेल?" हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला ते फार लागलं. सदरालाही नाही म्हटलं. कुठली युनिट, कुठला टापू, हे न लिहिता त्यात उरलं काय असतं? 1923चा गोपनीयता कायदा निवृत्तीच्या दिवशी गणवेशाबरोबर उतरत नाही.

आता खरी अडचण. माझी पहिली बातमी अशी होती: "दि. 14 रोजी 0930 वाजता ओढ्यावरील पुलाचा भाग खचल्याचे निदर्शनास आले. जीवितहानी नाही. पुढील कारवाई करण्यात येत आहे." जबलपूरला सिग्नल्सच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं, एक शब्द जास्त नाही. बायकोने वाचलं. ती मराठीची एमए. माझ्या प्रत्येक पोस्टिंगबरोबर तिची शाळेतली नोकरी सुटायची आणि नव्या गावात नव्याने अर्ज सुरू. पाच वेळा झालं असं. तिने लाल पेनने तीन गोल केले आणि म्हणाली, "अहो, निदर्शनास कुणाच्या आलं? कारवाई कोण करतंय? एकाही वाक्याला माणूस नाही." मी परत ओढ्यावर गेलो. शाळेची पोरं चपला हातात घेऊन पाण्यातून जात होती. सकाळीही ती तिथेच होती, मला दिसली नव्हती एवढंच.

त्याच पुलासाठी उपअभियंत्यांकडे गेलो. दार उघडलं आणि अंग आपोआप ताठ झालं. "जय हिंद साहेब." त्यांनी बसा म्हटलं, चार वाक्यं सांगितली. मी ती उतरून घेतली आणि बाहेर आलो. एकही प्रश्न नाही! पार्किंगमध्ये गाडीला किक मारताना लक्षात आलं, की मी बातमी घ्यायला गेलो होतो आणि ऑर्डर घेऊन आलो. साहेबाला उलट विचारायचं नसतं, हे 24 वर्षांत हाडात मुरलेलं. पुढच्या वेळी वहीत प्रश्न लिहून नेले. वर्कऑर्डर कधीची? मुदत कधी संपली? बिल किती निघालं? दुसऱ्या प्रश्नाला साहेब उखडले. "माहिती अधिकारात मागा." मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत, आणि वाट पाहायची तर फौजीला सवयच असते. 29व्या दिवशी मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजणीच्या वहीची, प्रत हातात आली.

खरा उपयोग मात्र ज्याची मला किंमतच नव्हती त्याचा झाला. शेजारच्या गावातल्या एका वीरपत्नीचं कुटुंबनिवृत्तिवेतन अडलं होतं. तिच्या पिशवीतले कागद दोन बातमीदार पाहून गेले होते. मी तिच्या नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश शेजारी ठेवला. एकात तिचं माहेरचं नाव, दुसऱ्यात सासरचं. रेकॉर्ड ऑफिसला पार्ट टू ऑर्डर, म्हणजे असा बदल नोंदवणारा फौजी आदेश, झालीच नव्हती. ही बातमी नावानिशी छापून आली आणि आठवड्यात पिशव्या घेऊन सात-आठ घरं माझ्याकडे आली. एक जुना मित्र मात्र ग्रुपवर म्हणाला, "आपल्याच खात्याची लक्तरं काढतोस." त्याने अजून माझा फोन उचललेला नाही.

बीए झालं, पदविकाही झाली. जाहिराती मागत नाही अशा एका साप्ताहिकात आता लिहितो, पैसे बेताचेच. बायकोने घरबसल्या मुद्रितशोधनाची चाचणी दिली होती, ती आज त्याच साप्ताहिकात उपसंपादक आहे. पगार तिचा माझ्यापेक्षा जास्त. बदली झाली तरी बुडणार नाही अशी तिची ही पहिलीच नोकरी, आणि आता बदली होणारच नाही.

माझी कॉपी तिच्याच टेबलावर जाते. परवा मी तहसीलमध्ये असताना फोन वाजला. "तिसऱ्या परिच्छेदात 'कळविण्यात आले' आहे. कुणी कळवलं?"

परत आत जाऊन विचारावं लागलं.